ताईबद्दल चार ओळी

"कोण रे ही बाई?" ताईनं विचारलं.

तिनं कागद हातभर लांब धरला होता. चष्मा फ्रिजवर राहिला होता आणि उठून तो आणायचं तिच्या मनात नव्हतं. स्वयंपाकघरातल्या छोट्या टेबलाशी बहीणभाऊ दोघं समोरासमोर बसली होती. त्याला वाटलं, थट्टा करतेय. म्हणून तो हसला.

"तूच की!"

"मी?" तिनं परत वाचायला घेतलं, या वेळी मोठ्यानं, एकेक इंग्रजी शब्द सुटा करत, रक्ताचा रिपोर्ट वाचावा तसा. "व्हायब्रंट. वॉर्म-हार्टेड. एलिगंट. अ रेअर जेम, वेटिंग टु बी डिस्कव्हर्ड." ती थांबली. "वेटिंग? मी कुठं वाट बघत बसलेय? सकाळी सातला ड्युटी असते माझी."

"अगं, तसंच लिहावं लागतं. मार्केटमध्ये..."

शब्द तोंडातून सुटला आणि मग त्याला ऐकू आला. ताईनं कागदाची घडी घातली, घडीची आणखी एक घडी घातली आणि ती साखरेच्या डब्याखाली सरकवली. रागावली असती तर बरं झालं असतं. ताईचा राग त्याच्या लहानपणापासूनच्या ओळखीचा होता. दुधासारखा वर यायचा आणि फुंकर घातली की खाली बसायचा. पण ती उठली, गॅस पेटवला, चहाचं आधण ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून म्हणाली, "एकदा विकली गेलेय रे मी. परत नको."

मग तिनं त्याच्या मुलाच्या खोकल्याची चौकशी केली. त्यानं उत्तर दिलं. चहा झाला, कपबशा विसळून झाल्या, आणि तो जिना उतरताना वरून तिनं नेहमीसारखंच विचारलं, "पोपट, रुमाल घेतलास का?" लहानपणी तो अखंड बडबडायचा म्हणून तिनं ठेवलेलं नाव होतं ते. बाकी सगळ्यांनी सोडून दिलं, तिनं नाही. रुमाल खिशात होता. तरी त्यानं खिसा चाचपला, आणि आपल्याला काहीतरी लागलंय, पण कुठं ते सापडत नाही, असं त्याला वाटत राहिलं.

फोनवर ताईनं त्या ओळी कशा मागितल्या होत्या, ते त्याला आता आठवायला लागलं. आधी गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलली, मग शेजारणीच्या गुडघ्याबद्दल, आणि ठेवता ठेवता, माळ्यावरची बॅग काढून दे म्हणावं तशा आवाजात म्हणाली, "तुझं ते लिहायचं काम आहे ना, तर माझ्याबद्दल चार ओळी लिहून दे. इंग्रजीत हव्यात म्हणे. एका संस्थेत नाव घालतेय." कसली संस्था, ते त्यानं विचारलं होतं. "जोडीदार शोधून देतात ती. हसू नकोस." तो हसला नव्हता. त्याला इतका आनंद झाला होता की जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायच्या आत त्यानं ते लिहून टाकलं. त्याच्या डाव्या हातचा मळ होता तो. लिहून झाल्यावर एकदा वाचलंसुद्धा आणि स्वतःवर खूश झाला. आता बसथांब्यापाशी येऊन त्यानं बस जाऊ दिली आणि चालत निघाला. आपण खूश कशावर झालो होतो, हे त्याला बघायचं होतं. ताईवर नक्कीच नाही. लिहिताना ताई त्याच्या डोळ्यांसमोर आलीच नव्हती.

तो एका बांधकाम कंपनीत माहितीपत्रकं लिहायचा. चकचकीत कागदाची, ज्यांतली झाडं खऱ्या झाडांपेक्षा हिरवी असतात आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या जोडप्याला कधी कपडे वाळत घालायचे नसतात. या कामाची एक भाषा होती आणि ती त्याच्या हाडीमाशी भिनली होती. खोली लहान असली की ती 'कोझी'. आजूबाजूला रस्ता झालेला नसला की वस्ती 'अप अँड कमिंग'. खिडकीतून एखादं झाड दिसलं की 'गार्डन फेसिंग'. काहीच सांगण्यासारखं नसलं की 'युनिक'. आणि आलेला माणूस 'घरी विचारून सांगतो' म्हणत उठायला लागला की 'लास्ट फ्यू', 'हरी अप', 'ओन्ली फॉर यू'. वाखाणायचं, मग टिमकी वाजवायची, आणि तरी नाहीच जमलं तर गळ्यात मारायचं. मराठीत या तिन्हीची तोंडं वेगळी दिसतात. इंग्रजीत लिहिलं की तिन्ही एकाच दुकानातले कोट घालून उभी राहतात. आणि यातला एकही शब्द खोटा म्हणून पकडता येत नाही, हीच तर त्याची कारागिरी होती. खोली खरंच उबदार असते, कारण खिडकी एकच असते.

शांत हा शब्दसुद्धा खोटा नव्हता. "मुलगा शांत आहे हो," असं ताईला बघायला आलेल्या लोकांनी सांगितलं होतं. तो तेव्हा शाळेत होता आणि आतल्या खोलीत अभ्यासाला बसवलेला होता, म्हणजे दाराला कान लावून बसलेला होता. बाहेर मामाचा आवाज चढत चालला होता. "आमची पोर म्हणजे गाय! तोंडातून ब्र काढणार नाही." त्याच सकाळी त्या गाईनं त्याला उलथनं फेकून मारलं होतं, कारण त्यानं तिची कादंबरी पाण्याच्या बादलीत पाडली होती. त्याला हसू फुटलं आणि त्यानं उशी तोंडात कोंबली. बाहेर समोरच्यांनीही आपला माल मांडला. निर्व्यसनी. घर स्वतःचं. आणि शांत. हा शब्द त्यांनी इतक्यांदा उच्चारला की शेवटी खोलीतही शांतता पसरली, आणि त्या शांततेत ताईचं लग्न ठरलं. पुढं सुट्टीत तिच्याकडे राहायला गेला तेव्हा त्यानं तो शांतपणा पाहिला. भावोजी कामावरून यायचे, जेवायचे, ताट पुढं सरकवायचे, झोपायचे. शिव्या नाहीत, मारहाण नाही, आठवडेच्या आठवडे शब्दही नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज त्या घरात इतका मोठा होता की त्याला रात्री उशी कानावर घ्यावी लागे. आणि ताई स्वयंपाकघरात नळाशी बोलत असायची. "आलास का बाबा? ये, ये. आज जोर नाही वाटतं तुला." भांडी घासता घासता अगदी मजेत, पाहुण्याशी बोलावं तशी. तो दारात उभा होता हे तिनं पाहिलं की नाही, त्याला कधी कळलं नाही. काही वर्षांनी ती एका बॅगेसह परत आली. वडिलांनी दार उघडलं, बॅगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे. आत ये." त्या विषयावर त्या घरात एवढंच बोललं गेलं.

'ठीक आहे' ही वडिलांची मोठ्यातली मोठी पसंती होती. त्याखालोखाल 'वाईट नाही'. आई कौतुक करायची, पण ज्याचं करायचं त्याच्या पाठीमागं, शेजारणीपाशी. तोंडावर केलं की पोर शेफारतं असं तिचं मत होतं. त्यामुळं आपण बरे आहोत ही बातमी घरात प्रत्येकाला बाहेरून कळायची, आणि तीही उशिरा. म्हणून असेल, पण पहिल्या नोकरीत त्या गोऱ्यागोमट्या इंग्रजी शब्दांनी त्याला जवळजवळ वेड लावलं होतं. फँटॅस्टिक. सुपर्ब. अमेझिंग. लाज न वाटता कुणालाही म्हणता यायचं. परक्या देशातली नाणी उधळावीत तसं. किंमत माहीत नसते, खिशाला चाट बसल्यासारखं वाटत नाही. तेच मराठीत म्हणायला गेलं की घसा आवळायचा. 'तू मला फार आवडतेस', 'तुझ्यामुळं मी उभा राहिलो', असली वाक्यं त्याच्या तोंडून आयुष्यात गेली नव्हती. 'यू आर अमेझिंग' मात्र तो दिवसातून चारदा म्हणायचा, त्यातलं एकदा लिफ्टवाल्याला.

वाटेत अत्तरांच्या दुकानासमोर एक मुलगी कागदाच्या पट्ट्या वाटत उभी होती. "सर, जस्ट ट्राय, सर!" मांडणीच्या आडोशाला तिनं उजवा पाय बुटातून काढून डाव्या पोटरीवर टेकवला होता. त्यानं पट्टी घेतली, हुंगली, म्हणाला, "लव्हली." ती म्हणाली, "थँक्यू, सर," आणि त्याच्या खांद्यावरून पुढच्या माणसाकडे पाहिलं. दोघांनी आपापलं वाक्य म्हटलं होतं. चार पावलं गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की वास कसला होता ते त्याला सांगता येणार नाही. त्यानं पट्टी पुन्हा नाकाला लावली. ओल्या पुठ्ठ्याचा वास, आणि त्याच्या खाली कुठंतरी संत्र्याच्या सालीचा. मागं वळून जाऊन तिला सांगावं, 'संत्र्याची साल आहे बघा,' असं त्याच्या मनात आलं. गेला नाही. पण पट्टी फेकलीही नाही.

घरी बायको भाजी निवडत बसली होती. त्यानं सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, देठ एकीकडे, पानं एकीकडे, आणि शेवटी म्हणाली, "तू मला काय म्हणतोस, ठाऊक आहे?"

"काय?"

"परफेक्ट. भाजी झाली, परफेक्ट. नवे पडदे, परफेक्ट. मागच्या महिन्यात ताप एकशे तीनवरून एकशे दोनवर आला, तरी तू म्हणालास, परफेक्ट."

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"मला काय विचारतोस? तुझा धंदा आहे तो." ती हसत होती. पण जुडी संपली तरी तिचे हात रिकाम्या ताटात पानं शोधत राहिले, हे त्याला दिसलं, आणि दिसलं याचंच नवल वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात नव्या इमारतीचं पत्रक होतं. मॅडमनी त्याचा मसुदा परत पाठवला. "पंच नाहीये. लोकांनी धावत यायला हवं." त्यानं 'ब्रेथटेकिंग' लिहिलं. या शब्दाचा अर्थ श्वास काढून घेणारं, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं, आणि कारण नसताना छातीवर हात ठेवून त्यानं एक मोठा श्वास घेतला. मग पत्रक बाजूला सारून कोरा कागद ओढला. ताईबद्दल काय माहीत आहे मला? ती चहात साखर कमी घेते. नाही, ते वडील घ्यायचे. तिला निळा रंग आवडतो. की तिच्याकडे निळ्या रंगाचं पुष्कळ काही आहे, एवढंच? रविवारी दुपारी, तो जात नाही त्या रविवारी, ती काय करते? रडते का कधी? आईच्या आजारपणात पोळ्या तिनं केल्या, त्याची फी तिनं भरली, त्याच्या लग्नात धावपळ तिनं केली. पण या सगळ्यात ती कुठं दिसत नव्हती, फक्त पोळ्या दिसत होत्या. तो तिच्याकडे वर्षानुवर्षं जात होता तो नळाकडे जावं तसा. सोडला की पाणी येतं, म्हणून नळाकडे कोण बघतं? कागद कोराच राहिला. त्यानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, जिथं रक्त घेतात तिथं, ताईनं त्याला पाहिलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. "काय झालं?"

"काही नाही. म्हटलं साखर तपासून घ्यावी."

"उपाशी आलायस?"

"नाही."

"मग कसली साखर बघू, कपाळ? बस तिथं. दीड वाजता सुटते मी."

तो बाकावर बसला. पडदा अर्धा सरकलेला होता. एक धिप्पाड माणूस आत खुर्चीत बसला होता, गळ्यापर्यंत घाम आलेला. "दुखणार नाही ना, सिस्टर?" त्यानं विचारलं, आणि त्याच्या आवाजात लहान मूल होतं. "दुखेल," ताई म्हणाली. "चांगलंच टोचेल. मग संपेल. तिकडे बघायचं असेल तर बघा, माझ्याकडे बघायचं असेल तर माझ्याकडे बघा." माणसानं तिच्याकडे पाहिलं आणि त्याचे खांदे खाली आले. नंतर एक म्हातारी आली, तिची शीर सापडेना. सुई आत गेली, बाहेर आली, रक्त नाही. "चुकलं माझं," ताई म्हणाली. "दुसरा हात द्या, आजी." म्हातारीनं लगेच दिला. मधल्या वेळात ताई बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना गुणगुणत होती, आणि ते गाणं कुठलं हे ओळखायला त्याला बराच वेळ लागला, कारण त्यातला एकही सूर जागेवर नव्हता. वरच्या फळीवरचा कापूस काढायला ती चवड्यांवर उभी राहिली. केस मागं पांढरे झाले होते, मानेपाशी. खिशातून शेंगदाणे काढून तिनं तोंडात टाकले, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघितलं, आणि नजर नेमकी त्याच्यावर आली. तिनं डोळे मोठे केले. तो खाली बघून लिहायला लागला. मराठीत लिहीत होता. त्यानं ठरवलं नव्हतं, पण हात तसाच चालला होता.

दीड वाजता कँटीनमध्ये त्यानं कागद पुढं केला. या वेळी ताईनं आधी चष्मा लावला.

'वय अठ्ठेचाळीस. हॉस्पिटलात रक्त काढते. दुखणार असेल तर दुखेल म्हणून सांगते. चुकली तर चुकलं म्हणते. बेसूर गुणगुणते आणि तिला ते माहीत नाही. सिनेमाचा शेवट आधीच सांगून टाकते. राग लवकर येतो, लवकर जातो. घरात कुणीतरी बोलणारं हवं आहे.'

"बेसूर?" ताई म्हणाली.

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"आणि इतकी वर्षं एकानं सांगितलं नाही! सगळे मेले गप्प!" ती खरोखर चिडली होती. शेजारच्या टेबलावरच्या नर्सनं वळून पाहिलं. मग ताईचं बोट शेवटच्या ओळीवर गेलं आणि तिथंच राहिलं. "हे कुणी सांगितलं तुला?"

त्याचा घसा आवळला. तोच जुना घसा. 'इट्स ओके' हे शब्द तयार होऊन ओठांवर आलेही होते. ते त्यानं गिळले. "तू नळाशी बोलायचीस," तो म्हणाला. "मी दारात होतो."

भांड्यांचा आवाज येत होता, कुणीतरी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होतं. मग ताईनं चष्मा काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "दिसला होतास मला. म्हटलं, पोराला घाबरवायला नको, म्हणून जरा जास्तच हसून बोलले नळाशी." आणि थोड्या वेळानं, "हेच घाल इंग्रजीत. काही वाढवू नकोस. ते शेंगदाण्यांचं लिहिलं नाहीस, बरं केलंस."

संस्थेतल्या बाईंचा आठवड्याच्या आत फोन आला. "सर, हे चालणार नाही हो. 'शॉर्ट टेम्पर्ड' लिहिलंय तुम्ही! 'स्पिरिटेड' करू का? मीनिंग तेच." त्यांच्या चलाखीचं त्याला मनापासून कौतुक वाटलं, त्याला स्वतःला सुचला असता असाच शब्द होता. "नको," तो म्हणाला. "राहू द्या." "मग रिस्पॉन्स येणार नाही, आधीच सांगते." आणि खरंच, बरेच दिवस काही आलं नाही. तो रोज मनातल्या मनात स्वतःला शिव्या द्यायचा. खरं बोलायची हौस तुझी, आणि एकटी राहणार ती! चार शब्द चढवून लिहिले असते तर काय बिघडलं असतं? लोक आले असते, मग बघितलं असतं. ताई मात्र एकदाही त्याबद्दल बोलली नाही. फक्त गुणगुणायची थांबली होती, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

मग एक जण आला. एकच. भेटायचं ठरलं एका चहाच्या दुकानात, आणि ताईनं भावाला सोबत नेलं, "मध्येच पळून जावंसं वाटलं तर कुणीतरी हवं" म्हणून. माणूस पन्नाशी ओलांडलेला, रुंद खांद्यांचा, जलतरण तलावावर पोहायला शिकवणारा. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. तो इतक्या मोठ्यानं बोलत होता की सगळं दुकान ऐकत होतं. "डावा कान गेलाय माझा! पाणी जाऊन जाऊन! आणि तलावावर सगळं घुमतं, म्हणून ओरडायची सवय! मला लोक म्हणतात हळू बोला, पण मला कळत नाही हळू म्हणजे किती!" ताई त्याच्याकडे नुसती बघत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. तिनं कपातला चमचा ढवळला, परत ढवळला. कुणीच बोलेना. आणि त्या शांततेत, घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागेल या भीतीनं, भावाचं तोंड आपोआप सुटलं. ताई किती वंडरफुल आहे, किती केअरिंग, तिच्यासारखी व्यक्ती आजकाल मिळणं किती रेअर, एकदा ओळख झाली की माणूस फॅनच होतो, ट्रस्ट मी, असा चान्स पुन्हा... टेबलाखाली त्याच्या नडगीवर ताईची लाथ बसली. तो थांबला.

पोहणारे गृहस्थ उजवा कान पुढं करून लक्षपूर्वक ऐकत होते. "तुम्ही घरं विकता का हो?" त्यांनी विचारलं.

"लिहितो. पत्रकं. तुम्हाला कसं कळलं?"

"मी घेतलंय एक! असंच बोलला होता तो पोरगा. गार्डन फेसिंग! खिडकीतून एक झाड दिसतं, तेही शेजारच्यांचं."

ताई फिस्कन हसली, चहा नाकात गेला, खोकायला लागली. "यानंच लिहिलं असणार!" ती खोकतच म्हणाली.

"काय?"

"यानंच लिहिलं असणार म्हटलं!"

"मोठ्यानं बोला ना मग!" ते ओरडले. "मला दोनदा सांगावं लागतं!"

"मला एकदाच सांगायची सवय आहे!" ताईही ओरडली, आणि आपण भर दुकानात ओरडलो हे लक्षात येऊन तिनं तोंडावर हात धरला. पण हाताच्या वर तिचे डोळे हसत होते. त्यानंतर त्या दोघांनी त्याला विचारलंच नाही. तो शिल्लक राहिलेली बिस्किटं खात बसला. ते तिला सांगत होते की मुलगी दूर असते, गुडघा कुरकुरतो, स्वयंपाक येतो पण तिखट होतो; ती सांगत होती की तिला घर सोडून राहायची भीती वाटते, नव्या माणसाची वाटते, पाण्याचीसुद्धा वाटते. "पाण्याची?" ते इतक्या दुःखानं म्हणाले की गल्ल्यावरच्या माणसानंही मान वर केली.

पुढं काय झालं ते त्यानं विचारलं की ताई म्हणायची, "बघू." महिने गेले. मॅडमना त्यानं एक पत्रक दिलं, त्यात लिहिलं होतं, खिडकीतून एक झाड दिसतं. त्या हसल्या, "हा जोक आहे का?" आणि ते खोडलं. पुढच्या वेळीही त्यानं तसंच काहीतरी दिलं. त्यातली एक ओळ राहिली. घरी एकदा जेवताना तो म्हणाला, "वरण पातळ झालंय, पण फोडणी छान बसलीय," आणि बायकोनं घास थांबवून त्याच्याकडे पाहिलं, मग आणखी एक पळी वाढली. ताईच्या 'बघू'मध्ये मात्र काय भरलंय ते त्याला उलगडेना. एका रविवारी ती घरी सापडली नाही. शेजारीण म्हणाली, "तलावावर जाते की ती, कधीची!"

तो गेला. पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर वरती बसला. क्लोरिनचा वास, ओल्या फरशा, पोरांचा कल्ला आणि त्या सगळ्यावर तो ओळखीचा घुमणारा आवाज. उथळ बाजूला, निळी टोपी घालून, ताई कठड्याचा गज दोन्ही हातांनी धरून होती. तिचे उघडे खांदे त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, अरुंद होते.

"हात सोडा!"

"नाही सोडणार!"

"आधी जरा बुडाल! नाकात पाणी जाईल! मग वर याल!"

ताईनं डोळे घट्ट मिटले आणि हात सोडले. ती बुडाली. टोपी दिसेनाशी झाली. तो उठून उभा राहिला. पाणी उसळलं, एक हात वर आला, मग डोकं, मग भलत्याच दिशेला एक पाय, आणि फुसफुसत, थुंकत, कसलाही डौल नसलेले हातपाय मारत ती आडवी पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली आणि भिंत पकडली. त्याच्या तोंडात सगळे शब्द एकदम जमा झाले, रांग मोडून, एकमेकांना ढकलत. एकही बाहेर पडेना. ताईनं केस मागं सारले, वर पाहिलं, आणि तिला तो दिसला.

"काय रे पोपट!" ती ओरडली, अगदी त्या गृहस्थांच्या थाटात, सगळा तलाव घुमला. "पाण्यात म्हैस आणि वर मोल का? सांग की, काय भाव आला!"

पोरं खिदळली. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. त्याचा घसा मोकळा होता.

"आधी बाहेर तर ये!" तो ओरडला.

"नाही येत जा!" ताई म्हणाली, आणि भिंतीला पाय लावून तिनं स्वतःला पुन्हा पाण्यात ढकलून दिलं.